तेजीनाथांच्या पाच चिठ्ठ्या

मोताळ्याच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दहा भाग्यवंत बसले होते. शेअर बाजार आठवडाभरात चढेल की पडेल, हे तेजीनाथ महाराजांनी त्यांना पाच वेळा आधीच लिहून दिलं होतं आणि पाचही वेळा तसंच घडलं होतं!

त्या दहांतले एक जानराव. एसटीतून निवृत्त झालेला हा माणूस मागे एकदा इमू पाळून चांगलाच पोळला होता. सगळे घेतात म्हणून यांनी घेतले. विकणारा पळाला, पक्षी तेवढे दारात चरत राहिले. तेव्हापासून जानरावांनी कानाला खडा लावला होता, पारखल्याशिवाय पैसा लावायचा नाही. म्हणून तर महाराजांना तब्बल पाच आठवडे पारखलं. आज निवृत्तीची सगळी पुंजी महाराजांच्या हवाली करायला पिशवीत घालून ते आले होते. मनकर्णाबाई घरी रडत बसल्या होत्या, पण एकदा शहाण्या झालेल्या नवऱ्याला बायको काय सांगणार!

"लक्ष्मी माझ्या कानात बोलते, मी फक्त कागदावर उतरवतो!" महाराज गरजले. "चिठ्ठी देवघरात एकट्यानं उघडा. दुसऱ्याला दाखवली की सिद्धी आटते. मग मला बोल लावायचा नाही!"

जानरावांनी पिशवी पुढे केली, तोच त्यांची सून अनुपमा व्यासपीठावर चढली. हायस्कुलात गणित शिकवायची ती. सोबत वहाबभाई टेलर.

"मामाजी, थांबा जरासं. वहाबभाई, सांगा तुमचं."

वहाबभाई मान खाली घालून म्हणाले, "मले बी भेटली होती चिठ्ठी. पहिलीच उलटी निघाली. 'पडेल' लिहिलं होतं अन् बाजार चढला. म्या बायकोले दाखवली होती ना, म्हटलं सिद्धी आटली. लाजेनं कोनाले सांगतलं नाही."

"असं काऊन?" जानराव चमकले. "त्याच आठवड्यात मले तं 'चढेल' आलं होतं!"

अनुपमानं महाराजांपुढच्या ताटातली सहाव्या आठवड्याची दहा पाकिटं उचलली आणि भराभर फोडली. पाचांत 'चढेल', पाचांत 'पडेल'. महाराजांना एकाएकी समाधी लागली.

"मागचा फलक वाचा," ती म्हणाली. "'पहिल्या दिवशी तीनशे वीस भक्तांना प्रसाद.' प्रसाद म्हणजे ह्याच चिठ्ठ्या. अर्ध्यांले 'चढेल', अर्ध्यांले 'पडेल'. चुकले त्यांले सोडून दिलं, उरलेल्यांचे परत दोन भाग. एकशे साठ, ऐंशी, चाळीस, वीस, दहा. बाजारानं काहीबी केलं असतं, तरी दहा जण उरलेच असते."

जानरावांनी पिशवी छातीशी धरली.

"मले वाटलं, मी याले पारखून राह्यलो," ते म्हणाले. "हाच मले चाळून राह्यला होता!"

मंडळी, ठेच लागली म्हणजे अक्कल आलीच असं समजू नका. जानरावांनी पारख केली खरी, पण फक्त आपल्या चिठ्ठीची. ज्याचं फळलं त्याला व्यासपीठावर बसवतात. ज्याचं फसलं तो लाजेनं घरात बसतो आणि ठगांचं सगळं दुकान त्या लाजेवर चालतं. तेव्हा पैसा लावण्याआधी एवढं करा, फसलेल्याचं घर शोधा आणि त्याला बोलतं करा. आणि फसलेले तुम्हीच असाल, तर गप्प बसू नका.