कानेला रात्री कुठे झोपते

आर्गिरोने एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना आनंद झाला. तिच्या मांजरीला तेवढा झाला नाही. मांजरीचं नाव कानेला, म्हणजे ग्रीकमध्ये दालचिनी. रंगही तसाच. नऊ वर्षं ती आर्गिरोच्या पलंगावर, तिच्या पायांशी झोपत आली होती.

नवरा पांतेलिस. जहाजाच्या इंजिनरूममध्ये उभा जन्म गेलेला आणि अरुंद बर्थवर झोपलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "आता मला ऐसपैस झोपायचंय. मांजर स्वयंपाकघरात."

नव्या नवऱ्यापुढे आर्गिरो नरमली. तिने चुलीजवळ टोपली ठेवली, त्यात आपली जुनी लोकरी शाल अंथरली. पण स्वयंपाकघराच्या खिडकीची वरची झडप उघडी असायची, आणि आमची गल्ली इतकी चिंचोळी की मांजरीला एक उडी पुरे. त्याच रात्री कानेला समोरच्या माझ्या नीट न लागलेल्या खिडकीतून आत आली.

मी एवांथिया. लग्न केलं नाही, शाळेत शिकवायचे, त्यामुळे गल्लीतले लहानथोर मला बाईच म्हणतात. "मांजर कसली अंथरुणात घेतेस गं? केस काय, पिसवा काय!" हे मी आर्गिरोला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिने उत्तर देणंच सोडलं होतं. मी मांजरीला हट म्हटलं. तिने तपासणीला आल्यासारखी खोलीभर एक फेरी मारली, पलंगावर चढली आणि माझ्या गुडघ्यांमागे वळकटी करून पडली. बाहेर जानेवारीचं वारं शिट्ट्या घालत होतं. सकाळी हाकलू, असं मी ठरवलं. सकाळी जागी झाले तर साडेसात वाजलेले. एवढी सलग झोप मला किती वर्षांत लागली नव्हती. मांजर तोवर आपल्या टोपलीत परत गेली होती.

दुसऱ्या रात्री मी मुद्दाम खिडकी थोडी उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी कोळ्याकडून मूठभर बारके मासे जास्तीचे घेतले. मुलांच्या चोऱ्या पकडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आपण काय करतोय ते मला चांगलं कळत होतं.

"किती शहाणी गं माझी कानेला!" आर्गिरो कॉफी पिताना म्हणायची. "सकाळी पाहावं तर टोपलीतच."

मी कॉफीत बघत राहायचे.

तीन आठवड्यांनी पांतेलिस माझ्या दारात उभा. डोळे लाल, चेहरा ओढलेला.

"बाई, मांजर तुमच्याकडे झोपते."

"कोण म्हणालं?"

"तुमचा काळा स्वेटर."

मी खाली पाहिलं. स्वेटरभर दालचिनी रंगाचे केस. आता हा ओरडणार म्हणून मी घाईने केस झटकायला लागले. तर तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "मला ती परत पाहिजे."

"स्वयंपाकघरात?"

"नाही हो, पलंगावर! तुम्हाला आर्गिरोचे पाय माहीत नाहीत. बर्फ आहे नुसता! इतकी वर्षं मांजरीने सांभाळले, आता ते माझ्या पोटऱ्यांवर येतात. मी इंजिनरूमच्या उकाड्यातला माणूस, बाई. टक्क जागा असतो."

मला हसू आवरेना. "मोजे द्या की तिला."

"दिले. झोपेत काढून फेकते."

"मग सरळ सांगा, मांजर आत घे."

"कसं सांगू? माझ्यासाठी तिने मांजर दूर केली. आता मीच म्हणू, तुझे पाय गार लागतात?"

त्या रात्री ठरल्याप्रमाणे मी खिडकी लावून घेतली. कानेला काचेवर नखं घासत राहिली आणि मी पांघरुणात तोंड खुपसून पडले. पलीकडे पांतेलिस झोपायच्या खोलीचं दार लावायला 'विसरला'.

सकाळी आर्गिरो धावत आली. "अगं, रात्री कानेला आत आली! मी श्वास रोखून पडले, म्हटलं आता हा आरडाओरडा करणार. तर म्हणतो कसा, 'असू दे बिचारी, थंडी आहे.' किती मोठ्या मनाचा गं!"

"मोठ्याच मनाचा," मी म्हणाले. तिच्यामागे पायऱ्यांवर पांतेलिस काखेत पाव धरून उभा होता आणि मला डोळ्यांनी गप्प राहायला विनवत होता.

आता मांजर मधोमध झोपते आणि तो कडेला. एकदा खाली पडला म्हणे, पण तक्रार नाही.

माझी मात्र झोप उडाली. आठवडाभर मी कूस बदलत काढला. मग एका दुपारी, जेवून सगळी गल्ली आडवी झाली असताना, खिडकीवर खरखर ऐकू आली. पांतेलिस दुपारी इतका घोरतो की आमच्याकडच्या काचाही थरथरतात. कानेलाला ते सोसलं नसावं. ती सरळ पलंगावर आली आणि जुनी जागा धरली.

थोड्या वेळाने समोरून आर्गिरोची हाक आली, "एवांथिया! कानेला आलीय का गं तिकडे?"

"आहे," मी पडल्यापडल्याच म्हणाले, "पण हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."