साखरबाईचं मिटलेलं तोंड

साखरबाई गेली आणि बाराव्या दिवशी मितभाषी झाली.

नको. असं एकदम सांगितलं तर चिंचणीत कुणी विश्वास ठेवणार नाही. जरा मागून घेऊ.

फोटो

साखरबाईचा धड एक फोटो घरात नव्हता. म्हणजे ढीगभर होते, मुलाच्या, भाग्येशच्या लग्नातले, नातीच्या बारशातले. पण एकूण एका फोटोत तिचं तोंड उघडं. कुणी मोबाइल समोर धरला की ती त्याला शिवी हासडायची, आणि नेमकी तीच टिपली जायची. लग्नाच्या अल्बममध्ये तर ती अक्षता टाकता टाकता आचाऱ्यावर डाफरतेय.

भाग्येशने त्यातल्या त्यात सौम्य शिवीचा फोटो निवडला आणि बोईसरला मिथुनच्या फ्लेक्सच्या दुकानात नेला.

"माताजी गा रही हैं क्या?" मिथुनने विचारलं.

"भजन," भाग्येश म्हणाला.

"मुँह बंद कर दूँ? अच्छा लगेगा."

अख्ख्या चिंचणीला, आल्यागेल्या सगळ्या सरपंचांना आणि एका गरीब नवऱ्याला जे जन्मभर जमलं नाही, ते मिथुनने चहा पिता पिता करून टाकलं. तोंड मिटलं. ओठांवर हसू ठेवलं. अंगावर जरीची साडी चढवली, नाकात दुसऱ्याच कुणाची तरी नथ घातली. मागे सूर्योदय. खाली युवा मंडळाची पोरं गॉगल लावून शोकाकुल. मजकूर भाग्येशने स्वतः सांगितला: कष्टाळू, मितभाषी, मनमिळाऊ.

मनमिळाऊ

याचा नमुना. जागा बोईसरचा मासळीबाजार. रोज सकाळी, न चुकता. नवसी ही शेजारची पाटीवाली; साखरबाईच्या पाटीत बोंबील, हिच्या पाटीत मुशी मासा.

नवसी: साखरे, तुजी पाटी माज्या जागेत आली!

साखरबाई: जागा काय तुज्या बापान् दर्या आटवून दिली तुला?

नवसी: बापावर जातं? तुज्या बोंबलांना कुत्रा हुंगत नाय!

साखरबाई: हुंगील कसा? तुज्या मुशीच्या वासान् कवाच मेला तो!

मग दोघी पदर खोचून बसायच्या आणि तेव्हा कुठे गिऱ्हाइकाकडे बघायच्या. भांडण झाल्याशिवाय बोहनी करायची नाही, पहिला मासा विकायचा नाही, हा दोघींचा नेम. गिऱ्हाईक घाईत असलं तरी गुमान उभं राहायचं. जिची बोहनी आधी होई ती नोट कपाळाला लावून दुसरीला दाखवायची, आणि दुसरीने "थू!" म्हणायचं. एकदा नवसीचा घसा बसला, तर साखरबाईने घरून काढा करून नेला. प्रेमाने? छे. समोरून आवाज आला नाही तर धंदा बुडेल म्हणून.

मातोश्री

घरी ती 'आय' होती. तारापूरच्या कारखान्यात, जिथे भाग्येश शिफ्ट इनचार्ज होता, तिथे ती 'मातोश्री' होती आणि 'मत्स्यव्यवसायात' होती. ऐकणाऱ्याला वाटावं, दोन-चार जहाजं असतील.

इंद्रजीतसाहेब दरवर्षी म्हणायचे, "भाग्येश, एकदा तुमच्या मातोश्रींच्या पाया पडायचंय." भाग्येश दरवर्षी विषय बदलायचा. पाया पडायला वाकलेल्या साहेबाला आय काय म्हणेल, हे त्याला अक्षरशः पाठ होतं.

आता तोंडाचा प्रश्न सुटला होता. बाराव्याला साहेबांना आमंत्रण गेलं. एकदा, निदान एकदा, आय चारचौघांत शोभली पाहिजे, एवढीच त्याची इच्छा. बाकी घर फार सभ्य झालं होतं. ती गेल्यापासून त्याला कुणी 'मुडद्या' म्हटलं नव्हतं, आणि त्याला झोप लागत नव्हती. दोन्हींचा संबंध त्याने जोडला नाही. शिकलेला माणूस.

बारावा

अंगणात खुर्च्या. फ्लेक्स कुठे बांधला? बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर. दुसरी जागाच नव्हती. सूर्योदयाला सुक्या मासळीचा वास येत होता.

साहेबांनी माइक घेतला. "मातोश्रींचा हा शांत, सोज्वळ चेहराच सांगतो, की या माउलीने कधी कुणाला उलट शब्द..."

समोर बसलेल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. त्यांचे खांदे गदगदू लागले. साहेबांनीही रुमाल काढला.

"बघ, कशा रडतायत," भाग्येश बायकोला म्हणाला.

"रडत नाहीत त्या," मेघाली म्हणाली.

साहेबांनी माइक भाग्येशच्या हातात दिला. त्याने आभाराचा कागद उघडला, तेवढ्यात नवसी आली. थेट बाजारातून, डोक्यावर पाटी. फ्लेक्ससमोर उभी राहिली.

"ही कोन?"

"काकी, आय आहे."

"आय हाय? मंग हाय कुटं? ही जरीची बाई काड बाजूला, मागं असंल साखर." तिने पाटी खाली उतरवली. "भाग्या, तुजी आय गेली तवापासून माजी बोहनी नाय झाली."

"काकी, नंतर बोलू ना."

"तिच्या जाग्यावर नवी पोर बसली. मी बोल्ली, तुजी पाटी माज्या जागेत आली. तर काय बोल्ली म्हायत हाय? 'सॉरी मावशी.' नि पाटी सरकवली! आता असल्या पोरीशी धंदा कसा करायचा?"

कुणीतरी हसलं. नवसी हसली नाही. तिने आपली पाटी पायाने फ्लेक्सच्या दिशेने ढकलली, कमरेवर हात ठेवला आणि चित्राकडे बघून ओरडली, "साखरे, तुजी पाटी माज्या जागेत आली!"

चित्र गोड हसत राहिलं.

"साखरे, आयकतं का?" या खेपेला आवाज मध्येच फाटला. "पाटी! तुजी पाटी!"

साहेब घड्याळ बघू लागले. भाग्येशने कागदाकडे बघितलं, 'सर्व मान्यवरांचे'. मग चित्राकडे. इतकं शहाणं, इतकं मिटलेलं तोंड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्यानेच मिटवून आणलं होतं.

"जागा काय तुज्या बापान् दर्या आटवून दिली तुला?"

भाग्येशच्या हातातला माइक चालू होता. समुद्रावर जाळी सुकवणाऱ्यांनीसुद्धा मान वळवली.

नवसी गर्रकन फिरली. डोळे भरलेले, पण हात कमरेवरच. "बापावर जातं? तुज्या बोंबलांना कुत्रा हुंगत नाय!"

"हुंगील कसा? तुज्या मुशीच्या वासान् कवाच मेला तो!" भाग्येश किंचाळला. नेमाचं भांडण इथे संपत होतं, पण तो थांबेना. "नि त्याच्या बाराव्याला बी तू फुकट जेवून आली, सटवे!"

बायकांनी पदर सोडले. हसण्याची लाटच उसळली अंगणात. मेघालीने कपाळाला हात लावला, पण हसत होती तीही.

नवसीने नाक पुसलं. "तुज्या आयची सर नाय," ती म्हणाली. "पन चालंल." पदर खोचून ती तिथेच फ्लेक्सखाली बसली, पाटीवरचं फडकं काढलं आणि समोरच्या पहिल्या माणसाला धरलं.

"बोल साएब, काय देऊ? बोहनी हाय. नाय बोलायचं नाय."

श्रद्धांजलीला आलेल्या साहेबांनी मुकाट्याने मुशीचा वाटा घेतला. नवसीने नोट कपाळाला लावली आणि सवयीने शेजारी दाखवली.

शेजारी भाग्येश उभा होता. आय गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण नेम तो नेम.

"थू!" तो म्हणाला. माइकवरच.