मला कुठं जायचंय?

डेल्फिना प्रोपेर्त्सीने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घर विकायला काढलं. घरात बावीस दगडी पायऱ्या होत्या आणि निजायची खोली वर होती. खाली फेर्मो शहरात, बाजाराजवळच्या नव्या इमारतीत, तिने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. तिथे लिफ्ट होती. घर विकलं की त्या खोल्या तिच्या. पण दोन वर्षं कुणी गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि खोल्यांचा मालक आता फार थांबायला तयार नव्हता.

मग हॉलंडचं एक जोडपं आलं. आडनाव व्हेन्स्ट्रा, तो स्योर्ड, ती हिल्ट्ये. दोघंही नोकरीतून निवृत्त. जाहिरातीत डेल्फिनाच्या घराला ‘शांत टेकडीवरचा व्हिला’ म्हटलं होतं. गावात त्याचं सगळ्यांना हसू आलं; अंगणभर तिच्या कोंबड्या असायच्या म्हणून आम्ही त्याला कोंबड्यांचं घर म्हणायचो. त्यांना मात्र ते आवडलं. हिल्ट्ये ऑलिव्हच्या झाडांखाली जाऊन उभी राहिली ती तिथून हलेना.

घेणाऱ्याला आपली इटालियन येत नसेल तर खरेदीखताला दुभाष्या लागतो. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, असा लोकांचा समज होता. मी शाळेत भूगोल शिकवला. इंग्रजी शिकलो ते पुस्तकांतून. कुणाशी बोलण्याची वेळ कधी आली नव्हती. मी नाही म्हणून पाहिलं.

“अहो मास्तर,” डेल्फिना म्हणाली, “एवढी पुस्तकं जमवलीत ती काय उंदरांसाठी? दोन शब्द इकडचे तिकडे करायचेत फक्त.”

नोटरीच्या कचेरीत मी शपथ घेतली: जे बोललं जाईल ते सांगेन, काही गाळणार नाही. वाचन सुरू झालं. चारी हद्दी, विहीर, शेजाऱ्याची पाऊलवाट. मी घामाघूम होऊन एकेक वाक्य पलीकडे पोचवत होतो. तासाभराने नोटरी थांबला.

“बाई, अजून अर्धा तास तरी जाईल. चालेल ना?”

डेल्फिनाने खांदे उडवले. “मला कुठं जायचंय?”

नोटरीचा प्रश्न मी सांगितला नाही. तो कागदात नव्हता. मग शपथ आठवली आणि घाईघाईने तिचं उत्तर तेवढं सांगितलं. ती विचारते आहे, मी म्हणालो, की मी आता कुठे जाऊ.

हिल्ट्येने हातातलं पेन खाली ठेवलं.

“म्हणजे तिला जायला जागाच नाही?”

“तसं नाही. तिला घाई नाही, असं म्हणायचंय तिला.”

“तुम्ही आत्ता वेगळं सांगितलंत.”

“हो. शब्द तेच आहेत.”

याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं. स्योर्ड माझ्याकडे असा बघत होता, जणू मला कुणी गप्प बसायला सांगितलंय. डेल्फिनाचं फेर्मोला जायचं ठरलंय, हेही मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग हिल्ट्ये म्हणाली, “आम्हाला एवढ्या खोल्या लागत नाहीत. तिने खालच्या मजल्यावर राहावं, शेवटपर्यंत. कागदात तसं लिहा.” तिचे डोळे भरून आले होते.

हे मात्र मी बिनचूक सांगितलं.

“राहू? त्या घरात?” डेल्फिना उडालीच. “म्हणजे यांच्या कोंबड्याही मीच राखायच्या! एवढी वर्षं काढली ती पुरे नाहीत? मास्तर, तुम्ही यांना सांगितलंत तरी काय?”

ती नको म्हणते, हे मी सांगितलं, पण माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. व्हेन्स्ट्रांनी दोन दिवसांचा अवधी मागितला आणि ते गेले. नोटरीने कागद मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फिना चर्चला जातानाचा कोट घालून माझ्या दारात उभी.

“चला.”

“कुठे?”

“जिथे तुमची जीभ लागणार नाही तिथे.”

व्हेन्स्ट्रा उतरले होते त्या खानावळीतून त्यांना घेतलं आणि आम्ही चौघं बसने फेर्मोला गेलो. नव्या इमारतीत डेल्फिनाने सगळ्यांना लिफ्टमध्ये कोंबलं आणि बटण दाबलं. वर गेलो. तिने खालचं बटण दाबलं. खाली आलो. पुन्हा वर. ती पर्स पोटाशी धरून दाराकडे तोंड करून उभी होती, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरीसारखी. तिसऱ्या खेपेला हिल्ट्येला हसू आवरेना.

खोल्या रिकाम्या होत्या. डेल्फिनाने खिडकीतून औषधाचं दुकान दाखवलं, पाववाला दाखवला. खाली बाकावर तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांनी वर बघून हात हलवले.

हिल्ट्येने मला विचारलं, “हिला त्या घराची आठवण नाही येणार?”

मी चष्मा पुसायला घेतला.

“काय म्हणते ती? बोला की मास्तर, आता आणखी काय बिघडवणार आहात?”

मी प्रश्न सांगितला. डेल्फिना खिडकीशीच उभी राहिली.

“येणारच. रडेनसुद्धा. ते माझं मी बघून घेईन. यांना विचारा, सही कधी करणार?”

मी हिल्ट्येला एवढंच विचारलं, सही कधी करणार.

सोमवारी सही झाली. दुभाषी म्हणून व्हेन्स्ट्रांनी फेर्मोचीच एक बाई आणली होती. मी गेलो नाही.