मशीन काढून राह्यले

माझा लहान भाऊ संघपाल. घरात खाली झोपला होता, मण्यार साप डसला त्याले. औषधानं जीव वाचला, पण छातीतला जोर गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात घशात नळी, अन् श्वास मशीनचा.

तिथले लोकं चांगले, काऊन खोटं बोलू? मयुरी सिस्टर, व्यायामवाला प्रफुल अन् डॉक्टर मॅडम रोज सकाळी त्याच्या खाटेभवती उभे राहून एकमेकांले विचारत, आज जमंल का? सिस्टर झोपेचं औषध कमी करे, प्रफुल त्याले टेकून बसवे, मॅडम मशीनचा जोर उतरवे. लेकराचं दूध तोडते तसं, हळूहळू.

एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "गिरजाबाई, आज दुपारी मशीन काढून पाहू. अर्धा तास स्वतः श्वास घेतला, तर नळीपण काढतो. तुम्ही जवळ थांबा, त्याला धीर द्या."

माझे पाय जमिनीवर ठरेनात. मुलचेऱ्याकडं आमच्या गावात चुलतभाऊ वारलूले फोन लावला, "आज मशीन काढून राह्यले रे!" पुढचं सांगाच्या आत रेंज गेली.

हे मुडदी रेंज! अन् वारलूले तरी काय बोलू? कोरोनापासून आमच्या गावात मशीन काढली म्हणजे एकच अर्थ, माणूस गेला.

दुपारी नळी तशीच ठेवून मशीन काढली. प्रफुल सांगे, "हळू घ्या भाऊ, हळू सोडा." मी हात धरून बसली. "घे रे बाबू, घे." छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. सिस्टर हसली. मले रडूच आलं.

तेवढ्यात दाराबाहेर हंबरडा. "संघपाल रे! मले टाकून कुठी गेला रे माझ्या राजा!"

आमची माय, बायनाबाई. मागं अर्धा गाव, वारलूच्या हातात पांढरं कापड.

नळीमुळं त्याले बोलता येत नोहतं, पण कान तर शाबूत होते नं! डोळे फाडून तो माझ्याकडं पाहे. मी ओरडली, "अरे चुप बसा! जिता हाये तो!" रडण्यात कोणाले ऐकू येते? त्याले धाप लागली, उशी घामानं भिजली. मॅडम म्हणाल्या, "जोडा, परत जोडा."

मग मायले आत आणलं. तिनं त्याच्या गालाले हात लावला अन् तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी तिघंही पुन्हा खाटेभवती. माय दाराबाहेर बसली होती, पदर अजून तोंडातच. "आज परत पाहू," मॅडम म्हणाल्या.

संघपालनं माझं मनगट पकडलं. एवढा जोर कुठून आणला कोण जाणे! मान हलवली, नाई.

"भिऊ नको रे, काही होत नाई," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाह्यलंच नाई, दाराकडं पाह्यलं.

मशीनले अजून कोणी हातही लावला नोहता, अन् त्याची धाप सुरू झाली. तिघंही तसेच उभे राह्यले. मी आपली म्हणतच होती, घे रे बाबू, घे.