कांडेकर सरांचं सर्टिफिकेट

१९९६ साली शेवगावात कांडेकर सरांच्या क्लासमध्ये तीन जुने कॉम्प्युटर होते. त्यांवर वर्डस्टार आणि लोटस हे फक्त कीबोर्डवर चालणारे जुने प्रोग्रॅम शिकवले जात. माउसवर चालणारं नवं ऑफिस पॅकेज आलंय, हे सरांना ठाऊक होतं. पण त्यांच्या मशिनांवर ते चालत नव्हतं, म्हणून कुणी विचारलं की ते म्हणत, "सगळं सारखंच असतं." सर्टिफिकेटवर मात्र त्यांनी 'संपूर्ण ऑफिस पॅकेज' असं छापून घेतलं होतं.

तेच सर्टिफिकेट घेऊन क्लासमधली दीपा साळवे शिर्डीच्या एका हॉटेलात कॉम्प्युटरच्या कामासाठी मुलाखतीला गेली. दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"सर, तिथं माउस हुता. मला तो धरताच येईना. समदे हसले." मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझंच चुकलं. तुमी शिकवलं तवा माझं ध्यान नसंल."

सरांना तिच्याकडे बघवेना. तिनं दोष दिला असता, तर त्यांनी काहीतरी सबब सांगितली असती.

"तुझं ध्यान होतं. मी ते शिकवलंच नाही. मला स्वतःलाच येत नाही," ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले.

पुढच्या सोमवारी सर दीपाला घेऊन नगरला, सावेडीतल्या एका क्लासला गेले आणि दोघांचीही नावं घातली. तिथं शिकवणारी मुलगी जेमतेम विशीतली होती. तिनं सरांच्या हाताकडं बघितलं.

"काका, इतका घट्ट नका धरू माउस."

शेजारी दीपा बसली होती. सर मान खाली घालून "बरं" म्हणाले.