हरणाऱ्याची बट्टी

ज्ञानचंदनं भांड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं वर ढकललं, खालूनच वाकून आत शिरला आणि आतूनच ओरडला,

"भिकन, 'बारूद एक्सप्रेस'ला एक जरी नामांकन मिळालं ना, तर डोक्यावर कढई घालून बोदवड स्टेशनापर्यंत चालत जाईन!"

शेजारच्या टपरीत भिकन टेलर मशीनला तेल घालत होता. त्यानं हात पुसले, मोबाईल उघडला, बराच वेळ अंगठा वर सरकवला.

"शेठ, अकरा मिळाले."

"काय अकरा?"

"नामांकनं. कढई छोटी घ्या. मोठी तं डोयावर येईन."

ज्ञानचंद शटरखालून बाहेर आला. मोबाईल हातात घेऊन त्यानं तो लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला. कसाही धरला तरी अकराच होते. हिंदी सिनेमाच्या चित्रज्योती पुरस्कारांची नामांकनं आदल्या संध्याकाळी जाहीर झाली होती आणि ज्यात हिरो धावत्या रेल्वेवर बुलेट चालवतो तो सिनेमा सगळ्यांत पुढे होता.

"नामांकन कुणालाही देतात," ज्ञानचंद म्हणाला. "बक्षीस वेगळं. ते कुणाला जाणार हे मुंबईच्या आधी बोदवडला कळतं. तू गोवऱ्या सांगून ठेव. रिद्धी येणार आहे."

"तिचा फोन आला का?"

"फोन कशाला? हरणारच आहे ती."

भिकननं मान हलवली. हे त्याला पाठ होतं. रिद्धी म्हणजे ज्ञानचंदची एकुलती एक मुलगी. शाळेत होती तेव्हा दुपारी दुकानात गल्ल्यामागे बसून बापलेक नामांकनं वाचायचे आणि पैज लावायचे. ज्याचे अंदाज जास्त बरोबर, तो जिंकला. हरणाऱ्यानं रविवारी बट्ट्या, म्हणजे वरणात चुरून खायचे कणकेचे गोळे, गोवऱ्यांवर भाजायच्या. लग्न होऊन ती पुण्याला गेली तेव्हा पैजेला एक शेपूट जोडलं: हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन भाजायच्या. शेपूट ज्ञानचंदनंच जोडलं होतं. लग्नानंतर तो एकदाही हरला नव्हता. दर वर्षी रिद्धी यायची, गच्चीवर गोवऱ्या पेटवायची, आईच्या, मोहनबाईच्या, पातेल्यात वरण करायची आणि दोन दिवस राहून जायची. मोहनबाई गेल्यापासून घराला तेवढेच दोन दिवस आवाज असायचा. बाकीचं वर्ष ज्ञानचंद टीव्ही मोठा लावायचा.

आणि हरून चालणारही नव्हतं. ज्ञानचंदच्या घरात मारवाडी बोलत, दुकानात मराठी, भांडण हिंदीत. पण एक गोष्ट कुठल्याच भाषेत बदलत नव्हती. लेकीच्या घरचं खायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. जुनी माणसं तर लेकीच्या गावचंही पीत नसत. रिद्धीच्या वास्तुशांतीला तो पुण्याला गेला होता तो बोदवडचं पाणी बाटलीत घेऊन. बाटली संपली तसा उठून परत आला. जावई रोनक लिफ्टपर्यंत मागे धावला होता.

"पोरगी एवढी शिकली," ज्ञानचंद भिकनला दर वर्षी सांगायचा, "पण सिनेमातलं तिला ओ की ठो कळत नाही. गेल्या साली बेस्ट अॅक्टर म्हणून कुणाचं नाव घेतलं माहितीये? जो मध्यंतराआधी मेला त्याचं!"

फोन दुपारी आला. ज्ञानचंदनं गिऱ्हाइकाला कुकरच्या दोन शिट्ट्या बघायला दिल्या आणि आतल्या बाजूला गेला.

"बोल. आधी मी घेऊ ना? दर वर्षीसारखं?"

"नाही पप्पा. ह्या वेळी आधी मी."

"बरं, तू घे. लहान आहेस."

"सिनेमा, 'नमक की नाव'."

ज्ञानचंदचं तोंड उघडं राहिलं. हा अंदाज त्याचा होता. तो सिनेमा बघायला तो मुद्दाम जळगावला गेला होता, चुकून शेजारच्या पडद्यासमोर बसून भुताचा सिनेमा पूर्ण पाहिला होता आणि तरीही त्याची खात्री होती.

"अगं, तो मी—"

"डायरेक्टर तो, ज्याचं गेल्या वर्षी हुकलं. बक्षीसवाले चूक भरून काढतात. हिरो, ज्यानं पंधरा किलो वजन उतरवलं. हिरॉईन, जी पावडर न लावता रडते. आणि गायक तो म्हातारा, कारण त्याला अजून कधी दिलं नाही आणि आता घाई करायला हवी."

ज्ञानचंदनं वरण वाढायचा एक डाव उचलला, पाहिला, दुसऱ्या खिळ्याला अडकवला. ही सगळी वाक्यं त्याची होती. गल्ल्यामागे बसून, शेंगा सोलत, त्यानंच कधीतरी म्हटलेली. एकही शब्द हरवला नव्हता.

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"तुम्हीच शिकवलंत की."

"मग गेल्या वर्षी तो मेलेला?"

बाहेर गिऱ्हाईक भिकनला विचारत होतं, कुकर घेतला तर एक शिट्टी जास्त मिळेल का.

"रिद्धी, तुला यंदा यायचं नाहीये का?"

"तसं नाही पप्पा. रोनक सोमवार ते शुक्रवार हैदराबादला असतो. मी ऑफिसातून येते, दार उघडते, सकाळी दार लावते. माझ्याकडे कुणी येत नाही. बेल चालते का नाही, हे मी परवा स्वतःच वाजवून पाहिलं."

"चालते?"

"चालते."

ज्ञानचंदनं खिळ्यावरचा डाव पुन्हा काढला, पुन्हा अडकवला.

"तुम्ही घ्या आता," ती म्हणाली.

"सिनेमा, 'बारूद एक्सप्रेस'."

"पप्पा."

"डायरेक्टर, 'बारूद एक्सप्रेस'. हिरो, तोच, बुलेटवाला. हिरॉईन, तीच, त्याच्या मागे बसलेली. आणि गायक, जो नुसता 'धडाड धडाड' म्हणतो."

"नीट घ्या ना."

"नीटच घेतोय." तो खाकरला. "बट्टीचं दळण टाकू का इथून? पुण्यात जाडं दळून मिळत नसेल."

मग ती म्हणाली,

"नाही मिळत."

दळण त्याच दिवशी टाकलं गेलं. ज्ञानचंदनं गिरणीवाल्याला तीन वेळा सांगितलं की रव्यासारखं हवं. मग गोवऱ्या पोत्यात बांधल्या. गॅसवर बट्टी भाजणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत चांगलं नव्हतं. भिकननं विचारलं,

"शेठ, पुण्याले जाऊन खानार काय तुम्ही? पानी तं पित नाही लेकीकडचं!"

"भाजीन. खायचं बघू."

"बघू म्हंजे?"

"तू काजं कर तुझी."

पुरस्काराच्या रविवारी संध्याकाळी भिकन त्याच्याकडे टीव्ही बघायला आला. ज्ञानचंद हरायला सजून बसला होता: नवा सदरा, मांडीवर मोबाईल. पहिलं बक्षीस गायकाचं. पाकीट उघडलं आणि 'धडाड धडाड'वाला उठला.

"लागला!" भिकन ओरडला.

"एखादा लागतो," ज्ञानचंद म्हणाला.

मग हिरॉईन लागली. मागच्या सीटवर बसून जिनं अख्खा सिनेमा फक्त ओढणी सांभाळली होती, ती स्टेजवर येऊन ढसाढसा रडली आणि तेव्हा तिची पावडरही गेली. हिरो बुलेटवरच आला. डायरेक्टर आला. शेवटी सिनेमाचं नाव वाचलं तेव्हा ज्ञानचंद उभा राहून पडद्याला हात जोडत होता, "नको रे, नको," आणि भिकन मोहनबाईची परात घेऊन बडवत होता. एवढे बिनचूक अंदाज ज्ञानचंदचे आयुष्यात कधी आले नव्हते. गल्लीतली माणसं विचारायला आली. भिकननं सांगितलं, शेठ जिंकले. कुणीतरी पेढे मागितले.

मोबाईल वाजला.

"अभिनंदन, पप्पा."

"अगं, हे चुकून झालं. ह्यांनी चुकीच्या माणसांना दिलं."

"येते मी. पुढच्या रविवारी."

"राहू दे. आपण असं करू—"

"नियम म्हणजे नियम."

दोघांकडे टीव्ही चालू होता. तिच्याकडचा किंचित मागे होता. इथल्या टाळ्या थांबल्या की तिथल्या वाजायच्या. ज्ञानचंद तिथल्या संपेपर्यंत फोन धरून बसला. मग तिनं ठेवला.

पुढचे काही दिवस त्याचं दुकानात लक्ष नव्हतं. गिऱ्हाइकानं मागितलेल्या पातेल्याऐवजी पोळपाट दिला. गुरुवारी एकदम म्हणाला,

"भिकन, बाप लेकीला आणायला जाऊ शकतो ना?"

"जातेतच की. दिवाळीले, आखाजीले."

"बट्टीला?"

भिकननं दातांत धरलेली टाचणी काढली. "आनायले जानारा मानूस एखाद दिवस थांबतेच तिठी. गाडीचा टाइम नसतो ना."

ज्ञानचंद शुक्रवारी निघाला. शनिवारी सकाळी दळणाचा डबा, वरणाची डाळ, गोवऱ्यांचं पोतं आणि पाण्याची बाटली घेऊन रिद्धीच्या दारासमोर उभा राहिला. पोत्यामुळे गेटवर वॉचमननं बराच वेळ चौकशी केली होती. बेल वाजवली. बेल चालत होती. दार उघडलं नाही. त्यानं फोन लावला.

"पप्पा, कुठे आहात?" रिद्धी म्हणाली. "दुकानाला कुलूप का?"

"तू कुठे आहेस?"

"तुमच्या ओट्यावर. ह्या शनिवारी रोनक येणार नव्हता. म्हटलं, एक दिवस आधीच जाऊ. काल ट्रॅव्हल्स पकडली. तुम्ही?"

ज्ञानचंदनं दरवाज्यावरची पाटी वाचून दाखवली. पलीकडून आधी भिकनचं हसणं आलं, मग तिचंही.

"मी परत येतो," तो म्हणाला.

"मुळीच हलू नका! दोघं हललो तर पुन्हा चुकू. चपलांच्या कपाटामागे जादा किल्ली आहे. आत बसा. मी संध्याकाळच्या गाडीनं निघते, उद्या सकाळी पोचते."

तो आत गेला. घर स्वच्छ होतं. जेवणाच्या टेबलाला सहा खुर्च्या होत्या. एक सोडून बाकीच्यांवरचं दुकानाचं प्लास्टिक तसंच होतं. ज्ञानचंदनं किल्ली टेबलावर ठेवली आणि एका खुर्चीचं प्लास्टिक काढलं. मग दुसऱ्या. दिवसभर तो घरात फिरला. फ्रिजमध्ये एका माणसापुरतं सगळं होतं. बाटलीतलं पाणी त्यानं जपून जपून प्यायलं, तरी रात्रीतच ते संपलं.

रविवारी उजाडताना त्यानं वरण करून ठेवलं, बट्ट्या वळल्या, उकडल्या, आणि त्या गरम मिळाव्यात म्हणून बाल्कनीत लोखंडी घमेल्यात गोवऱ्या रचून पेटवल्या. बोदवडच्या गच्चीवर धूर सरळ आभाळात जातो. इथला सरळ बैठकीत आला. ज्ञानचंदनं घाईनं घमेल्यावर बादलीभर पाणी ओतलं. त्यानंतर जो धूर झाला त्याला तोड नव्हती. छतावरची एक गोल डबी किंचाळायला लागली, तिचं ऐकून जिन्यातली, आणि बघता बघता सगळी इमारत गाउन, लेंगे आणि कुत्री घेऊन खाली उतरली. ज्ञानचंदही पिठाच्या हातांनी त्यांच्यात उतरला.

"कुठल्या फ्लॅटला आग लागली?"

"चौदाव्या मजल्यावर. दोन नंबर."

"तिथे कोण राहतं?"

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कुणी म्हणालं एक पंजाबी जोडपं, कुणी म्हणालं ते गेल्या वर्षीच सोडून गेलं. वॉचमन म्हणाला,

"बंदच असतो तो."

"बंद नसतो," ज्ञानचंद म्हणाला. "माझी मुलगी राहते. रिद्धी. आग नाही लागली, बट्ट्या आहेत. जेवायला या सगळे."

त्याला ठसका लागला. एका बाईनं हातातली बाटली पुढे केली. "घ्या काका. आमच्या फिल्टरचंच आहे." त्यानं ती अर्धी रिकामी केली आणि मग हातातल्या बाटलीकडे पाहत राहिला. बाईनं विचारलं, "रिद्धी कोणत्या ऑफिसात आहे?" आणखी दोघीतिघी जवळ सरकल्या. कुत्रेवाल्या आजोबांना बट्टी कशाला म्हणतात ते समजावून सांगावं लागलं. वरणाला किती लोक पुरतील याचा ज्ञानचंद मनात हिशेब करत होता आणि तो हिशेब काही केल्या जमत नव्हता.

भोंगा थांबल्यावर बाया, वॉचमन आणि कुत्रेवाले आजोबा त्याच्याबरोबर वर आले. दार वाऱ्यानं लागलं होतं. किल्ली आत टेबलावर होती. ज्ञानचंदनं रिद्धीला फोन लावायला मोबाईल काढला, तर पुण्यात शिरताना वाघोलीच्या ट्रॅफिकमधून तिचाच मेसेज येऊन पडला होता: तिची किल्ली बोदवडला भिकनच्या शिलाई मशीनवर राहिली होती.