आपला कोण, हे मोजणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि जर्मन राष्ट्राचा आत्मा माझ्या पोटात आहे. निदान प्रकल्पाच्या अर्जात तसे लिहिले होते. प्रत्यक्षात माझ्या पोटात चाळीस वर्षांच्या फुटबॉलच्या बातम्या आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखे काही नाही. उत्तर जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात मला आणले, तेव्हा सगळे कौतुकाने बघायला आले. केक कापला. मग कुणी फिरकले नाही. येत असे ती एकटी सेलिन आयदेमीर, तुर्की आडनावाची पण जवळच्याच ब्रेमेन शहरात जन्मलेली संशोधक. स्थलांतरितांच्या घरातले खेळाडू गोल करतात तेव्हा वर्तमानपत्रे त्यांना काय म्हणतात आणि पेनल्टी हुकवतात तेव्हा काय, एवढेच तिला माझ्याकडून मोजून हवे होते. तिचे प्राध्यापक हार्मसेन म्हणाले होते, "तुम्हाला वाटतं ते ठीक आहे हो बाई, पण वाटण्याला कुणी पुरावा म्हणत नाही."

हिशोब रात्रभर चालायचा. पण इमारतीचे रखवालदार ट्योन्येस रोज जाताना वीज वाचवायला माझे बटण बंद करीत. सेलिनने चिठ्ठी चिकटवली, 'कृपया बंद करू नये.'

"खाली शिक्का कुठंय?" ट्योन्येस म्हणाले.

"अहो, शिक्का कशाला? मी सांगतेय ना."

"तुम्ही सांगताय, पण शिक्का नाही."

सकाळी मी पुन्हा पहिल्या बातमीपासून. अर्धवट राहण्याची सवय होते, मित्रांनो. आवडत मात्र नाही.

विश्वचषकाच्या एका सामन्यासाठी ट्योन्येस घाईने निघाले आणि मला विसरले. उत्तर निघाले. गोल केला की खेळाडू 'आपला' असतो. हुकवला की बातमीत त्याच्या आजोबांचे गाव येते.

हार्मसेन तळघरात आले. त्यांनी ते कागद दोनदा वाचले.

"पटलं. आता हे कुणी नाकारू शकत नाही."

सेलिन प्रथमच हसली.

"आणि भाषा किती स्वच्छ आहे तुमची. तुम्ही कुठल्या हो?"

"ब्रेमेनची."

"ते झालंच. पण मूळच्या?"

"ब्रेमेन," सेलिन म्हणाली. "स्टेशनच्या मागची बाजू."

ती पुन्हा खाली आली नाही. माझ्यावर धूळ साचली आहे. मित्रांनो, यंत्राची धूळ पुसत जा, आणि त्याने काही मोजून सांगितले तर ज्याने विचारले होते त्याच्याकडेही एकदा बघा.

सेलिन आता एका विमा कंपनीत आहे आणि हँडबॉल बघते.